खेकड्याचं बीळ

इंग्रज अजून गेले नव्हते तेव्हा दवनीवाड्यात माझ्या शीर्षासनाची चर्चा होती. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आम्हा चार-पाच तरुणांना पहाटे आसनं शिकवत. सगळ्यांत तरबेज मी, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. प्राणायाम कधी शिकवणार, म्हणून मी त्यांच्या मागे लागलो होतो.

"आसन तिसरी पायरी आहे," गुरुजी म्हणाले. "आधी यम, नियम. खोटं बोलू नये, चोरी करू नये. ते जमत असेल तर डोळे मिटून नुसता बस."

बसलो आणि दोन मिनिटांत उठलो. "मुंग्या चावून राहिल्या," म्हणालो. मुंगी एकही नव्हती.

चोरी केली होती मी. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला, आलं होतं आणि पावसानं दडी मारली होती. तलावाचं पाणी पाळीनं मिळायचं. माझ्या शेताला लागून, वरच्या अंगाला काकाजींची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, होती. ते माझ्या वडिलांचे जुने सोबती. त्यांच्या पाळीत बांधी काठोकाठ भरली. दुपारी ते जेवायला गेले, तसा मी मधला बांध फोडून पाणी माझ्याकडे घेतलं आणि चिखलानं बांध पुन्हा लिंपून टाकला.

काकाजींना वाटलं, खेकड्यानं बांध पोखरला. रोज वाकून ते बिळं शोधत. एकदा मलाच म्हणाले, "बापू, तुह्या बांधीतला चिखल घेऊ का बुजवाले? माही तं कोरडी पडून राहिली."

"घ्या ना," मी म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगितलं नाही.

त्यानंतर डोळे मिटले की त्यांची वाकलेली पाठ दिसायची. जेवण गोड लागेना, शीर्षासनात तोल जाऊ लागला. गुरुजींवर चिडलो, बिचाऱ्या खेकड्यांवरही चिडलो. शेवटी एका सकाळी बांधावर जाऊन सांगून टाकलं, "काकाजी, खेकडा नाही. मीच पाणी घेतलं."

त्यांनी हातातला चिखल खाली टाकला. "मंग इतके दिवस मले वाकू काऊन देल्लं?"

घेतलेलं पाणी त्यांच्या बांधीत परत टाकायला मी घरून टोपली आणि डबा घेऊन आलो.

पाणी खालून वर आपणहून चढत नाही. दोर बांधलेल्या टोपलीनं ते वर फेकायला समोरासमोर दोन माणसं लागतात, आणि मी एकटाच होतो. टोपली बाजूला ठेवून डब्यानंच उपसत सुटलो. बऱ्याच वेळानं बांधावर बसलेले काकाजी उठले, टोपलीचे एका बाजूचे दोर हातात घेतले आणि माझ्यासमोर वाकले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं त्यांच्या बांधीत पाणी फेकत राहिलो.