कागदाखाली नाव कोण घालणार?

व्यापाऱ्यांच्या आमदनीवर आता कर बसणार, अशी दवंडी परंड्यात फिरली तेव्हा मला काही प्रश्न पडला नाही. उत्तर माझ्याकडे छापील होतं. बार्शीकडून, म्हणजे निजामाच्या सरहद्दीपलीकडून, धोतराच्या घडीत लपून पत्रकं येत. त्यांवरच मी वाढलो होतो. जे राज्य प्रजेचं ऐकत नाही त्याला प्रजेनं दमडी देऊ नये, असं त्यांत स्वच्छ लिहिलेलं असे. मी ते आबांना, म्हणजे वडिलांना, मोठ्यानं वाचून दाखवलं. पेठेत त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं लिवलंय," ते म्हणाले. "दुकानाला कचेरीचं कुलूप लागलं, तर हे पत्रक येऊन उघडणार हाय का?"

यावर पत्रकात काही नव्हतं.

आमदनीचा हिशेब कचेरीला उर्दूत लिहून द्यायचा होता. आबांच्या वह्या मोडी लिपीत, आणि उर्दूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. शाळेमुळं मला उर्दू येत होती, पण व्यापारातलं आणि कायद्यातलं काही कळत नव्हतं. म्हणजे जे लिहिलेलं आबांना वाचता येणार नाही, त्याच्याखाली त्यांची सही पडणार होती. त्यात खोटं निघालं तर दंड आबांना आणि बेअब्रूही आबांची. तेव्हा लिहिणारा माणूस खात्रीचा हवा, एवढं मला दिसत होतं. पेठेतल्या शहाण्यासुरत्या माणसांना ते का दिसत नव्हतं, हे मला आजही कळत नाही.

आमच्या शेजारी कापडाचे दुकानदार होते. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांनी आपल्याच आळीतल्या एका गृहस्थाचं नाव सुचवलं. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. का म्हणत, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

"लई सज्जन माणूस," काका म्हणाले. "कचेरीतला पेशकार, सायबाचा कारकून, त्यांच्या डब्यातलं पान खातो. आणि मला तर एक सवाल विचारला न्हाई बघा!"

ही होती पारख! एक सवाल विचारला नाही. आमच्याकडं विचारणारा म्हणजे सरकारचा माणूस, हे लोकांच्या हाडात मुरलेलं. पटवारी विचारतो, पोलीस विचारतो, जकातीच्या नाक्यावरचा शिपाई गाठोडं सोडायला लावून विचारतो. म्हणून जो विचारत नाही तो आपला. वैद्यानं नाडी न बघता पुडी दिली तर हेच लोक आरडाओरडा करतील. इथं मात्र न बघणं हाच मोठेपणा.

रावसाहेबांच्या ओसरीवर आम्ही गेलो. काकाही आले. पान झालं, सुपारी झाली, आणि रावसाहेबांनी आबांपुढं एक कोरा कागद सरकवला.

"इथं खाली सही करा. वरचं मी भरतो निवांत."

आबांनी टाक उचलला. माझ्या अंगाची आग झाली.

"वर काय लिहिणार?" मी विचारलं.

"लिहू की व्यवस्थित."

"आमदनी किती दाखवणार?"

"कचेरीला पटंल एवढी."

"आणि लिहिणारा म्हणून खाली तुमचं नाव?"

रावसाहेब हसले. "माझं कशाला? दुकान तुमचं, नाव तुमचं. आपण पडद्यामागचे."

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही स्वतः गिऱ्हाइकाला सांगता, घागर वाजवून घ्या. मग इथं तुम्ही कोऱ्या कागदावर..."

"पत्रकं वाचून वाचून पोरगं हातचं गेलं," काका म्हणाले.

आबांनी टाक ठेवला. माझं पटलं म्हणून नाही, चारचौघांत पोराची बडबड थांबेना म्हणून. "उद्या येतो," म्हणाले आणि उठले. वाटेत मला ऐकवलं, "माझी लाज काढायला शिकवलं का रं तुला?"

दुसरा माणूस मीच शोधला. तहसिलीबाहेर बसणारे मुन्शीजी परवाना असलेले अर्जनवीस होते, म्हणजे लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देणारे. प्रत्येक अर्जाखाली ते आपलं नाव आणि परवान्याचा नंबर घालत. स्वभावानं अत्यंत खवचट. त्यात ते मुसलमान, आणि दिवस असे होते, की हिंदू-मुसलमान एकमेकांशी बोलताना शब्द तोलत. काकांनी मला पेठेत अडवलंच.

"निजामाविरुद्ध पत्रकं वाचतोस, आणि बापाला नेतोस मुन्शीकडं?"

"मुन्शी म्हणजे निजाम न्हाई, काका."

"व्हय का? पत्रकात लिवलंय का तसं?"

मुन्शीजींनी पान दिलं नाही. तपकीर ओढली आणि सुरू झाले. माल कुठून येतो? उधारीवर किती जातो? दुकानाची जागा स्वतःची की भाड्याची? मोठा मुलगा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दुकानात बसतो, त्याला काय देता? आबांचा चेहरा तांबडा होत चालला.

"जुनी फुटकी भांडी घेऊन नवी देता ना? त्या जुन्याचा हिसाब किधर है?"

"ते काय येगळं लिवायचं असतं व्हय?"

"नई तो? जुनं तांबं वितळवायला जातंय, त्याचे पैसे येतात. ते कुठं धरले?"

आबा उसळले. "मुन्शीजी, तुम्ही कचेरीचे हाय का माझे?"

"मैं कागज का हूँ, शेठ. इसके नीचे मेरा नाम पडता. उद्या सायबानं बोलावलं तर मलाबी तुमच्याबरोबर उभं ऱ्हावं लागतंय. जाव, वह्या घेऊन या."

आम्ही गेलो, वह्या आणल्या, पुन्हा परत पाठवले गेलो. शेवटी कागद झाला. मुन्शीजींनी ओळ न् ओळ मराठीत सांगितली, आबांनी मान डोलावली, मग सही केली. आबांचा कर काकांपेक्षा जास्त आला. काका पेठेत हसत सांगत सुटले. आबा कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मीही धुमसत होतो. ज्या सरकारला दमडी द्यायची नाही, त्याला काटेकोर कर भरायला मीच लावलं होतं. पण खोटा कागद म्हणजे काही सत्याग्रह नव्हे. द्यायचा नसेल तर तोंडावर नाही म्हणावं आणि तुरुंगात जावं. कोऱ्या कागदामागं लपू नये.

पुढं पेठेतल्या सगळ्यांना कचेरीत बोलावणं आलं. अफसरानं काकांचा कागद काढला. विक्री एवढी, मग खर्च विक्रीहून जास्त कसा? काकांनी मागं उभ्या रावसाहेबांकडं बघितलं.

"ह्यांनी लिवलंय, सायेब."

"माझं नाव कुठंय त्यावर?" रावसाहेब म्हणाले आणि पानाचा डबा घेऊन बाहेर गेले.

अफसरानं कागदावर बोट ठेवलं. सही काकांची होती. दंड झाला.

आबांची पाळी आली. मुन्शीजी शेजारी उभे राहिले, पण त्यांना बोलावंच लागलं नाही. अफसरानं जुन्या भांड्यांचं विचारलं, आबांनी सांगितलं. मुलाच्या पगाराचं विचारलं, तेही सांगितलं. काहीच नवीन नव्हतं. अफसरानं कागद बाजूला ठेवला आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "माणूस खवचट हाय. पण बरोबर हुबा ऱ्हायला."

आणि काका? दंडाविरुद्ध अपील करायचं म्हणून आठवड्यात ते पुन्हा रावसाहेबांच्याच ओसरीवर जाऊन बसले. मी हात जोडून विचारलं, "का, काका, का?"

"आता त्यांना सगळं प्रकरण ठावं हाय ना! नव्या माणसाला पहिल्यापासनं कोण सांगत बसंल?"

मी घरी येऊन तिरमिरीत एक पत्रक लिहिलं. कोऱ्या कागदावर सही करू नका. कागद लिहिणाऱ्याला खाली नाव घालायला लावा, घालत नसेल तर उठून या. लिहिलेलं आपल्या भाषेत ऐकल्याशिवाय टाक उचलू नका. ते छापायला बार्शीला पाठवलं. तिथल्या कार्यकर्त्यांनी परत पाठवलं. स्वातंत्र्य दारात आलेलं असताना असल्या किरकोळ गोष्टींना कागद कुठून आणायचा, असा निरोप होता.

किरकोळ! ज्याला आपल्या सहीच्या वर काय लिहिलंय ते माहीत नाही, तो स्वातंत्र्याच्या कागदावर तरी काय बघून सही करणार होता?