जोड दाखवा

रत्नागिरीत रिक्षाचे हूड शिवणाऱ्या रावजींना एकच वाईट खोड होती. काम पुरं झालं की ते गिऱ्हाइकापुढे कापड पसरायचे, हाताची घडी घालायचे आणि म्हणायचे, "जोड दाखवा." एकतीस वर्षांत तो कुणाला सापडला नव्हता. होडीवरची ताडपत्री असो की शाळेच्या बसची सीट, रावजींचं ठिगळ मूळच्या कापडात मुरून जायचं. घरात या गोष्टीचं कुणाला काही वाटत नसे, त्यामुळे गिऱ्हाइकं हाच त्यांचा मोठा आधार होता.

मे महिन्यात पुण्याहून नीरजा नावाच्या बाई आपली कॅम्परव्हॅन घेऊन आल्या. त्या गाडीला बाजूने ओढून उघडायचं पांढरट कापडी छत होतं. आरे-वारेच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली ते उघडून बाई चहा पीत बसल्या असताना वारा फिरला, छत फांदीवर आदळलं आणि मधोमध हातभर फाटलं. नवीन यायला दोन महिने लागणार होते. तीन दुकानांनी हात झटकले, तेव्हा बाई रावजींकडे आल्या. रावजींनी कापड बोटांनी चाचपलं, परवा या म्हणून सांगितलं आणि जोड शोधायची अटही तेव्हाच घालून ठेवली. पुण्याच्या माणसाला हरवायची संधी काही रोज येत नाही.

रावजी दोन दिवस खपले. एका जुन्या होडीचं आच्छादन, उन्हाने नेमकं तेवढंच विटलेलं, त्यांनी मिरकरवाडा बंदरातून शोधून आणलं. ठिगळ कापलं, आतून शिवण घातली, कडांना चिकटवायचं सोल्युशन लावलं. काम झकास उतरलं. मग सोल्युशन सुकायला छत अंगणात पसरलं आणि जेवून घटकाभर आडवे झाले.

चुकलं ते इथे. मे महिन्यात आमच्याकडे अंगणात स्वच्छ काही पसरलेलं दिसलं की ते सगळ्या आळीचं असतं. त्यावर आधी वाळवण कोण घालतं एवढाच प्रश्न. शेजारच्या येसूबाईंनी तो सोडवला. रावजी उठून आले तेव्हा छतभर रसात बुडवलेली अमसुलं पडली होती आणि खालचं कापड लालभडक झालं होतं. ठिगळ मात्र होडीचं, पाणी न धरणारं. त्याने रंग घेतलाच नाही. मधोमध ते पांढरंच्या पांढरं उरलं होतं आणि रस्त्यावरूनही दिसत होतं.

रावजींनी बादली ओढली. साबणाने डाग हटेनात, सोड्याने ते निळे पडले, लिंबू पिळल्यावर पुन्हा लाल झाले. येसूबाईंना काही बोलावं तर त्याच आधी चढल्या. अमसुलांना सोल्युशनचा वास लागला होता, आणि आता वर्षभर सोलकढी कशाची करायची, असा त्यांचा सवाल होता.

दुसऱ्या दिवशी नीरजाबाई आल्या. रावजींनी खाली मान घालून डागांची सगळी हकिकत सांगितली आणि मजुरी नको म्हणाले. जोडाचं नावही काढलं नाही. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

अटीची आठवण बाईंनीच काढली. गुडघे टेकून त्या लाल कापडावरून दहा मिनिटं बोटं फिरवत राहिल्या. शेवटी दमून त्यांनी मधल्या पांढऱ्या जागेवर हात ठेवला.

"जोड काही सापडत नाही बुवा," त्या म्हणाल्या. "पण माझं मूळचं कापड एवढं तरी वाचलं."

रावजींनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पायरीवर अमसुलं निवडत बसलेल्या येसूबाईंनीही तोंड उघडलं. रावजींनी त्यांच्याकडे पाहून हात जोडले. बाईंच्या लक्षात आलं नाही, पण येसूबाई उभ्या जन्मात पहिल्यांदा गप्प राहिल्या.

गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी पदर खोचला.

"रावजी, पुढल्या मे मयन्यात मना मोठी ताडपत्री लागंल हां. नवी."

"देतो, काकी," रावजी म्हणाले.