आखाजीच्या आठवड्यातला स्लॅब

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पहिल्याच तासाला आम्हाला चहा करायला लावला. खरा नाही, कागदावर. भांडं घेणं, पाणी मोजणं, गॅस पेटवणं, अशी चहाची बावीस कामं पाडायची, कोणतं कशाच्या आधी ते बाणांनी दाखवायचं आणि प्रत्येकाला वेळ द्यायचा. मी नंदुरबारच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर बसून इमानेइतबारे बाण काढत होते. लग्नाला बारा वर्षं झालेल्या बाईला चहाचे बाण काढायला लावणाऱ्या त्या प्रशिक्षकाचा मला पहिल्या दिवसापासून राग होता, हे आधीच सांगून टाकते.

पण साहेबांचा हुकूम होता. आमची संस्था गावोगाव अंगणवाड्या, शाळेच्या खोल्या असली बांधकामं करून देते, आणि एकही काम ठरल्या तारखेला पुरं होत नाही म्हणून साहेबांना वरून बोलणी बसली होती. तेव्हा सगळ्यांनी हा ऑनलाइन कोर्स करायचा आणि त्यात शिकलेलं एका खऱ्या कामावर वापरून दाखवायचं. माझ्या वाट्याला तापीकाठच्या एका गावातली अंगणवाडी आली. भिंती उभ्या होत्या, छत नव्हतं.

जुनी इमारत धोक्याची झाली म्हणून पाडली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून तिथली सेविका सत्तावीस मुलांना आपल्या घराच्या पुढच्या खोलीत सांभाळत होती. घर दोनच खोल्यांचं. मागच्या खोलीत चूल, धान्याच्या कोठ्या आणि नवरा-बायको. सेविका पन्नाशीची, मी तिला मावशी म्हणायचे. फाल्गुनात मी पहिल्यांदा मोजमापं घ्यायला गेले, तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या हातात देतानाच सांगितलं, "ताई, मन्ही आंडेर पयला बायतपनले येनार शे. जेठ सरता सरता येई. तवलोंग खोली मोकयी व्हवाले जोयजे."

लेक ज्येष्ठ संपता संपता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, तोवर तिच्यासाठी खोली रिकामी हवी. एवढं साधं होतं. मी म्हटलं, "मावशी, आता सगळं प्लॅननुसार होणार आहे." आणि गाडीत बसल्यावर कोर्सच्या तक्त्यात तिचं नाव 'लाभार्थी' या रकान्यात टाकलं. पुढचा रकाना होता, यांच्याशी संपर्क कसा ठेवणार? मी लिहिलं, वेळोवेळी माहिती देणे. ती मला जे सांगत होती त्याला मात्र त्या तक्त्यात रकानाच नव्हता, आणि नवा रकाना पाडायचं मला सुचलं नाही.

तरी तक्ता देखणा झाला, हे कबूल करते. निळ्या पट्ट्या, लाल पट्ट्या, मैलाचे दगड. सेंट्रिंग, लोखंड, स्लॅब, एकवीस दिवस पाणी मारणं, मग प्लास्टर, फरशी, दारं. प्रशिक्षकानं माझी स्क्रीन सगळ्यांना दाखवली. ज्या कामाला उशीर झाला की सगळंच लांबतं अशा कामांची साखळी असते, त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात. माझ्या साखळीची सगळ्यात जड कडी होती स्लॅब. ती मी वैशाखातल्या एका आठवड्यात बसवली. सॉफ्टवेअरनं सुट्ट्या विचारल्या, मी ऑफिसची यादी उघडून एक एक सुट्टी भरली. त्या आठवड्यात एकही निघाली नाही. केवढा आनंद झाला मला!

तो आठवडा आखाजीचा होता.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशात जन्मलेल्या माणसाला ती काय असते ते सांगावं लागत नाही. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात, घरोघर पुरणपोळ्या आणि आमरस, शेतावरच्या सालदारांचं साल संपतं आणि नवं ठरतं. आणि पुरुष पत्ते खेळतात. एरवी पत्त्यांना हात लावला तर बायको घरात घेणार नाही असले सज्जनसुद्धा आखाजीला ओट्यावर मांडी ठोकून बसतात आणि तीन-चार दिवस उठत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. अहो, त्याच आठवड्यात माहेरी जायचं म्हणून महिनाभर आधी रजेचा अर्ज मीच टाकला होता! रजा एका कागदावर, स्लॅब दुसऱ्या कागदावर, आणि दोन्हींवर सही माझीच. कोर्समध्ये मला शंभरापैकी एक्क्याण्णव गुण होते.

स्लॅबच्या ठरल्या दिवशी सकाळी मी माहेरच्या अंगणात होते. मिक्सर आला का विचारायला मिस्तरींना फोन लावला. मागून हसण्याचा आणि पत्ते आपटल्याचा आवाज.

"मिस्तरी, कुठं आहात? स्लॅब आहे ना आज?"

"ताई, आखाजी शे ना," मिस्तरी मला समजावत म्हणाले. "आखाजीले कोनी काम करस का? सोमवारले दखू."

मी ओरडायला तोंड उघडलं, आणि ओट्यावरून माझे वडील म्हणाले, "हयू बोल ना बेटा, डाव चालू शे." त्यांच्या हातात तेरा पत्ते होते. मी फोन ठेवला. कोणावर ओरडणार होते?

सोमवारी मिस्तरी आले, पण मिक्सर आमच्या तारखेची वाट बघून विसरवाडीकडे दुसऱ्या कामाला गेला होता. मिक्सर परत आला तेव्हा सातपुड्यातले मजूर आपापल्या पाड्यांवर लग्नांना गेले होते. ते आले तोवर लोखंड बांधणाऱ्याच्या घरी लग्न. माझ्या लॅपटॉपवर रोज सगळ्या पट्ट्या उजवीकडे सरकत होत्या आणि मी रोज त्या तशाच सरकताना बघत होते. स्लॅब पडला अठरा दिवस उशिरा. पाणी मारून सेंट्रिंग काढेपर्यंत पाऊस आला आणि प्लास्टर अडकलं.

जेठ सरत आला तशी मी मावशीला म्हणाले, "थोडे दिवस अंगणवाडी बंदच ठेवा. मी वरती बोलते."

"ह्या पोऱ्या कोठे जातीन?" ती म्हणाली. "त्यासनं जेवन शे आठे." मुलांचं रोजचं जेवण तिच्याच घरी व्हायचं.

मावशीच्या लेकीच्या सासूनं मग स्वतःच मावशीला फोन केला. तुमच्या घरात सत्तावीस पोरं, पावसाचे दिवस, ओली बाळंतीण कुठं निजवाल? इथंच होऊ द्या. चुकीचं काहीच बोलली नाही ती. पहिलं बाळंतपण सासरी झालं.

इमारत त्यानंतर पंधरवड्यानं ताब्यात दिली. साहेब खूश होते. आमच्या मागच्या कामांपुढे हा उशीर त्यांना उशीरच वाटत नव्हता. इतरांना शिकवायला या कामाचं प्रेझेंटेशन कर म्हणाले.

मी शेवटचा फॉर्म घेऊन मावशीकडे गेले. नव्या खोलीत मुलं भिंतीला हात लावून लावून पळत होती. तिनं आधी मोबाइल पुढं केला. दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे घट्ट मिटलेलं बाळ.

"नात व्हयनी, ताई. दखा." तिनं फोटो बोटांनी मोठा केला. "मन्हा हातनी आंघोय नई भेटनी तिले."

आजीच्या हातची आंघोळ हुकली, त्यावर मी काहीतरी म्हणाले, पावसाचं, मजुरांचं. आता आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही. मग तिनं फॉर्म मांडीवर घेतला. शेवटचा प्रश्न होता, लाभार्थी कामाबद्दल समाधानी आहेत का? पूर्ण, अंशतः, नाही. तिनं 'पूर्ण'वर खूण केली आणि खाली नीट, शाळेतल्यासारखी सही केली.

"मावशी, असं कसं 'पूर्ण' लिहिता?" मी जवळजवळ ओरडलेच.

"छत भेटनं ना पोरेसले," ती म्हणाली, आणि मुलांच्या जेवणाचं बघायला उठली.

मला तिचा भयंकर राग आला. एकदा, एकदाच तिनं माझ्यावर ओरडायला हवं होतं.