मशीनताई आणि किमतीचा कोरा रकाना

अठ्ठावीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करून मशीनताईंना एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे किंमत सांगणं. गिऱ्हाइकाने "किती झाले?" विचारलं की त्या टेबलाखाली वाकून स्क्रू शोधायला लागायच्या. स्क्रू पडलेला नसायचा. खालूनच आवाज यायचा, "द्या, काय योग्य वाटेल ते."

"हे दुकान आहे की दानपेटी?" त्यांचे यजमान विचारायचे. ते नगरपालिकेच्या दप्तरखान्यातून निवृत्त झाले होते. कुठल्याही कामाला आधी ठरलेली फी असते आणि मग काम असतं, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती.

उपाशी मात्र कोणी राहिलं नाही. याचं कारण यजमानांना कळलं नव्हतं आणि ताईंनी ते शोधलं नव्हतं.

गेल्या वर्षी ताईंच्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला. स्क्रू आवळताना कळ थेट कोपरापर्यंत जाई. डॉक्टर म्हणाले, फार तर एक-दोन वर्षं. ताईंनी कपाटातून अकरा जाड वह्या काढल्या. दुकानात आलेल्या प्रत्येक जातीच्या मशिनीचं पोट त्यांनी त्यात पेन्सिलीने काढून ठेवलं होतं: कुठला दात कुठे बसतो, कुठला पट्टा कशाने घसरतो. हात थांबण्याआधी याचं पुस्तक व्हायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

भाची एका वर्तमानपत्रात पानं लावायची. तिने वह्यांची पानं लावून दिली. छापणाऱ्याने खर्च सांगितला आणि कागद तीन आठवडे, म्हणजे तिसऱ्या शनिवारपर्यंत, राखून ठेवायचं कबूल केलं. पैशासाठी भाचीने इंटरनेटवर लोकवर्गणीची मोहीम उघडली. नियम सरळ होता. त्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत शंभर टक्के रक्कम जमली तर पुस्तक. एक टक्का कमी पडला तरी ज्याचे पैसे त्याला परत.

अर्जात प्रश्न आला: एका प्रतीची किंमत?

मशीनताई टेबलाखाली वाकल्या.

"वर ये, मावशी," भाची हसत म्हणाली. "इथे एक सोय आहे. किंमत वाचकाने ठरवावी. करू?"

ताई खालूनच "कर" म्हणाल्या.

"आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात," यजमान म्हणाले. "आता इंटरनेट राखणार."

पहिल्या दोन आठवड्यांत अकरा टक्के झाले. पान पाहून गेलेले लोक मात्र दोन हजार होते. यायचे, चित्रं बघायचे, "वा!" लिहायचे, किमतीच्या कोऱ्या रकान्यापाशी पोचायचे आणि पोळी करपल्यासारखे उठून पळायचे. ओळखीच्या शिंप्यांचे फोन आले. "ताई, आकडा सांगून टाका ना, जीव टांगणीला लावू नका." एकाने प्रामाणिकपणे कळवलं, "कमी टाकलं तर मला लाज वाटते, जास्त टाकलं तर बायको विचारते."

भाचीने तोडगा काढला. "तीन चौकटी करू. साधा, चांगला, उदार. लोक पटकन निवडतील."

"म्हणजे कमी देणाऱ्याला तोंडावर सांगायचं, की तू साधा?" ताई म्हणाल्या. "नको."

"अगं, मग पुस्तक नको असं तरी सांग," यजमान वैतागले. "चार दिवस राहिलेत."

त्या दिवशी मंगळवार होता. दुपारी एक बाई मशीन घेऊन दुकानात आल्या. ताईंनी नेहमीप्रमाणे मशिनीला हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारले. "काय होतंय हिला?" आणि "यावर शिवता काय?"

बाई पाव तास बोलल्या. मशीन टाके सोडते. सासूबाईंची आहे. त्यावर दवाखान्याच्या चादरी शिवतात, कडा दुमडताना ती अडते आणि अडली की अख्खं घर गप्प होतं. ताईंनी सुई काढली, ती उलटी बसवलेली होती, सरळ बसवली, दोन थेंब तेल सोडलं. बाईंनी कापडावर एक शिवण मारून पाहिली, पाकीट उघडलं, पैसे ठेवले, निघून गेल्या. "किती झाले" हा शब्दही नाही.

भाची कोपऱ्यात बसून हे बघत होती. ती एकदम उभीच राहिली.

"मावशी! आपण पैसे आधी मागतोय!"

"मी कुठे मागते?"

"तेच तर! तू आधी त्यांचं ऐकून घेतेस. मग ते आपणच ठरवतात. आपण तिकडे लोकांना दारातच पाकीट काढायला लावलंय!"

पाच मिनिटांत पान बदललं. आता वर पहिला प्रश्न आला: तुमच्या मशिनीला काय होतंय? त्याखाली दुसरा: तिच्यावर काय शिवता? आणि सगळ्यात शेवटी तो रकाना, तसाच कोरा.

बुधवारी सकाळी पंचवीस टक्के झाले. यजमानांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

लोक लिहीत होते, आणि काय लिहीत होते! एकाची मशीन फक्त सोमवारी बिघडायची. एक आजोबा बाहुल्यांचे कोट शिवायचे. जहाजावरचा एक माणूस शिडं शिवायचा, त्याला गंजाचा जाच होता. एका बाईंनी लिहिलं, मशिनीला काही झालेलं नाही, पण कोणी विचारलं याचं बरं वाटलं. त्यांनी टाकलेला आकडा पाहून भाचीने शून्यं दोनदा मोजली. त्याच्याखाली एका विद्यार्थिनीने चहाच्या कपाएवढी रक्कम टाकली होती. ताईंनी दोघींना सारख्याच लांबीचं उत्तर दिलं.

कारण उत्तर प्रत्येकाला द्यायचं, हा ताईंचा हट्ट. त्या सांगायच्या, भाची टाइप करायची. अंगठा पट्टीत आणि जीभ पट्ट्यावर, अशी तीन दिवस मशीन चालली. यजमानांनी कोणी न सांगता टक्के पुकारायचं खातं सांभाळलं. "बावन्न!" ते आतून ओरडायचे. "एकोणसाठ! अगं, एकोणसाठ!" आयुष्यभर या माणसाने बसमध्येसुद्धा आवाज चढवला नव्हता.

शनिवारी साडेचारला ब्याण्णव. पावणेपाचला सत्त्याण्णव. मग काहीच नाही. यजमान पडद्यावर डोळे लावून बसले, सत्त्याण्णव काही हलेना. पाचाला सात मिनिटं कमी. पाचाला चार.

"काका, पान रिफ्रेश केलंत का?" भाचीने विचारलं.

"सत्त्याण्णव झाल्यापासून हात लावला नाही. बिघडेल म्हणून तसंच ठेवलंय."

तेवढ्यात फोन वाजला. छापणारा होता. "ताई, अभिनंदन! एकशे चार दिसतंय इथे. कागद कापायला घेऊ?"

यजमानांनी आधी फोनकडे आणि मग पडद्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने ते हरवून अचानक सापडलेल्या फाइलींकडे पाहत. मग टाळ्या वाजवत उठले आणि खुर्ची पाडली. भाची ओरडली. ताईंनी फक्त विचारलं, "फाइल कधी हवी?"

"सोमवारी सकाळी."

"चार पानं वाढतील."

"मावशी, आता?" भाचीने कपाळावर हात मारला.

ताईंनी उत्तरांचा गठ्ठा पुढे केला. त्रेसष्ट माणसांनी एकच तक्रार लिहिली होती: कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. अकरा वह्यांत त्याचं एकही चित्र नव्हतं. गुंता खाली दिसतो, पण चूक वरच्या दोऱ्याच्या ओवण्यात असते, हे काय कोणाला सांगायचं, असं ताईंना वाटत आलं होतं. त्रेसष्ट लोक खालची बॉबिन उलटसुलट करत बसले होते.

चित्र काढायला समोर गुंता हवा. ताई मशिनीवर बसल्या, दोरा मुद्दाम चुकीचा ओवायला गेल्या, पण बोटं आपोआप बरोबर वाटेने गेली. तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा शिवण सुरेख आली.

"अहो," त्यांनी हाक मारली, "जरा इथे बसता का?"

यजमानांनी जन्मात कधी सुईत दोरा ओवला नव्हता. त्यांनी बाह्या सरसावल्या, जीभ दातांत धरली, दोरा दिसेल त्या खाचेतून फिरवला आणि पायडल दाबलं. मशीन दोनदा ठेचकाळली. कापडाखाली असा भरगच्च, घुमटदार गुंता तयार झाला, की ताईंनी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

"अप्रतिम," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल डाव्या हातात घेतली. "हलू नका. अजून एक करा."