बाप असताना

आमच्या भोरच्या घरासमोर संस्थानचे एक कारभारी राहत. त्यांचा कारकून रोज सकाळी त्यांच्या दाराशी थांबून आपली पिळदार मिशी बोटांनी खाली दाबायचा आणि मगच आत जायचा. कसं काय, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "साहेबांची कृपा." शेतकऱ्याच्या या मुलाला नोकरीला त्यांनीच लावलं होतं. तो त्यांना मायबाप म्हणे.

पुण्याच्या इंग्रजी शाळेत आमच्या मडमने 'पेट्रनेज', म्हणजे बड्यांचा आश्रय, हा शब्द शिकवताना सांगितलं होतं, की त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'बाप' आहे. मला ती जुनीपुराणी गोष्ट वाटली होती.

कारभारी वारले. कारकुनाला ठेवायचं की काढायचं, हे आता त्यांच्या मुलाच्या हाती होतं. दहाव्याला मुलाने क्षौर केलं आणि त्याच्यामागोमाग कारकूनही डोकं, मिशी उतरवून आला. आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावरच. मी खिडकीतच थिजले. मुलाचे मात्र डोळे भरून आले. "उद्यापासून येत जा कामाला," तो म्हणाला.

तेवढ्यात मार्गासनीहून कारकुनाचे वडील दुखवट्याला आले. लेकाकडे बघून ते ओट्याच्या पायरीवरच बसले.

"आबा, नोकरी राहिली," कारकून हळूच म्हणाला.

"बरं झालं," वडील म्हणाले. "पर म्या मेल्यावर काय उतरवशील रं?"

कारकुनाचा हात सवयीने मिशी दाबायला वर गेला आणि कोऱ्या ओठावर तसाच राहिला.