सरस्वतीच्या रक्ताची पिशवी

आमची सरस्वती म्हणजे संशयाचं दुकान. दूधवाल्याचं माप म्हणू नका, माझा ओव्हरटाईम म्हणू नका, बाईचा कशावर म्हणून विश्वास नाही. कोसाडच्या आमच्या लूम कारागिरांच्या कॉलनीतल्या बायका तिला ‘सीआयडी’ म्हणायच्या. मीही हसायचो. कारगिलची लढाई लागली आणि माझं हसू आटलं.

आमचा पोरगा दत्तू तेव्हा काश्मीरात, मिलिटरी हॉस्पिटलच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये होता. एकदा फोनवर त्याच्या तोंडून निसटलं, “जखमी जास्त आले की रक्त कमी पडतं आई, मग आम्हीच खाटेवर आडवे होतो.” झालं! हिचा घास घशाखाली उतरेना. “अहो, पोराला पिळून काढतायत! आपण इथून रक्त धाडू. तेवढं तरी माझ्या दत्तूचं वाचेल.”

त्याच आठवड्यात कॉलनीत ‘जवानांसाठी रक्तदान’ असा बोर्ड लागला. सुईला घाबरणारी ही बाई सगळ्यात आधी जाऊन झोपली. पण रक्त दिलं तरी पिशवीवरची नजर काही हटेना. लूमच्या खात्यात आम्ही कारागीर आपापल्या कापडाच्या ताक्याला खुणेचा धागा बांधतो, दुसऱ्यानं लाटू नये म्हणून. हिनं तसाच हिरवा धागा पिशवीच्या नळीला बांधला. नर्स हसायला लागली.

“हसा, हसा. जवानांच्या नावावर काय काय खपतं, मला ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवशी माझी कामाची पाळी बुडवून मला घेऊन गेली ती थेट हॉस्पिटलात, ब्लड बँकेच्या दाराशी. “अगं, लोक काय म्हणतील?” “म्हणू देत.” दुपारी वॉर्डबॉय एक पिशवी घेऊन बाहेर आला. हिरवा धागा! आणि मेला निघाला कुठं, तर वरच्या बायकांच्या वॉर्डात. आम्हीही मागोमाग.

“चोर! माझ्या पोराच्या वाटचं रक्त विकता?” हिनं त्याचं मनगटच धरलं. माझंही डोकं सणकलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

“मावशी, लष्कराची सोय लष्कर करतं. इथलं रक्त इथंच लागतं. हिला बघा तरी.”

खाटेवर एका ओडिया कारागिराची बायको होती, नुकतीच बाळंत झालेली. ओठ पांढरेफटक.

“मग बोर्डावर ‘जवानांसाठी’ कशाला लिहिलं?” हिनं विचारलं.

“तसं लिहिलं की लोक येतात,” बाई खाली बघून म्हणाल्या.

सरस्वतीनं मनगट सोडलं. “चढवा.” पण पिशवी रिकामी होईपर्यंत जागची हलली नाही. न जाणो, मधेच बदलली तर!

रविवारी नाक्यावरच्या फोनच्या दुकानात दत्तूचा फोन आला. मी कान लावून उभा. हिनं सवयीनं चाचपलं, “मी रक्त दिलं होतं रे. तिकडं पोचलं का?”

“पोचलं की आई! तुझ्या रक्तानं एक जवान वाचला. आता मला द्यावं लागत नाही. मी एकदम ठणठणीत आहे.”

“बरं झालं रे बाबा,” म्हणाली आणि फोन ठेवून तिथंच पायरीवर बसली. मला आधी कळेचना. पोराचा आवाज ऐकून खूश व्हायचं सोडून ही अशी का बसली?

“अहो, रक्ताचं खोटं बोलला तो,” ती म्हणाली. “मग ठणठणीत आहे, ते तरी खरं कशावरून?”