एकोणिसापर्यंतचा दम

विजेचे मीटर तपासणाऱ्या खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या या माणसाला ऑफिसात सगळे दशांशराव म्हणत. काचेमागे फिरणारी ॲल्युमिनियमची चकती, तिच्या कडेवरची काळी खूण आणि हातातलं स्टॉपवॉच, एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. चकती जरा हळू फिरतेय असं दिसलं की ते वीजचोरीचा शेरा मारत, आणि मग समोरचा गयावया करो नाहीतर साहेबाचा मेहुणा निघो, तो शेरा बदलत नसे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव काही सुटलं नाही. बायकोही चहात साखर घालताना विचारायची, "अहो दशांशराव, अर्धा चमचा की पाऊण?"

गेले तीन महिने मात्र ते पार दमून गेले होते. थोरल्या बहिणीचं, ताईचं, घर आवरायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. पंचाहत्तर वर्षांच्या ताईला आता एकटं राहणं झेपत नव्हतं. शनिवारी तिची मुलगी येऊन तिला आपल्या गावी नेणार होती, कायमची. मुलीने फोनवर बजावलं होतं की दोन बॅगा, तिसरी नाही. त्यामुळे चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून इकडेतिकडे वाटायचा होता. सकाळी खोकी आणि दुपारी ग्रामोफोन, असा दशांशरावांचा दिवस जात होता.

तो ग्रामोफोन माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत निघाला. चावीचा, लाकडी खोक्याचा, वर पितळी कर्णा. सोबत एकच तबकडी होती. वडील एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्या बँडची ही एकुलती एक तबकडी, आणि तिच्या दुसऱ्या बाजूच्या शेवटी वडिलांचा एकट्याचा लांब सूर. दशांशराव दोन वर्षांचे असताना वडील गेले आणि त्याच वर्षी ग्रामोफोनही बंद पडला. त्यामुळे तो सूर त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, पण ताईकडून त्याच्याबद्दल हजारदा ऐकलं होतं. लहानपणी ती बोटांवर मोजायची, बाबांचा दम एकोणीस मोजेपर्यंत टिकायचा. पंधराव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागून या भावाला वाढवलं ते तिनेच, आणि वाढवताना हाच आकडा पाठीशी लावला. गणित सुटेना, ताप उतरेना, नोकरीचं पत्र येईना, की ताई म्हणायची, एकोणिसापर्यंत दम धर. घरात तो हिशोबाचा आकडा राहिलाच नव्हता.

जाण्याआधी तो सूर एकदा ऐकायचाय, एवढंच तिने मागितलं. आयुष्यात तिने भावाकडे दुसरं काही मागितलेलं त्यांना आठवत नव्हतं.

ग्रामोफोन घड्याळजीकडे नेला तर त्याने आत डोकावूनही पाहिलं नाही. कर्ण्यात एक बल्ब बसवा, दिवाणखान्यात छान दिसेल, म्हणाला. मग दशांशरावांनी स्वतःच कंबर कसली. स्प्रिंग आतल्या टोकाशी तुटली होती. ती डब्यातून काढताना त्यांनी डबा गोणपाटात गुंडाळला होता, तरी सुटलेल्या पोलादी पट्टीने अंगठा उभा चिरलाच. टोक तापवून मऊ केलं, नवं भोक पाडलं, चार दिवसांनी ते भोक फाटलं, पुन्हा पाडलं. जुनं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालं होतं, ते रॉकेलमध्ये भिजवून काढताना त्यांच्या नाकी नऊ आले. बायकोने जेवणाचं टेबल सोडून दिलं आणि ताट मांडीवर घेऊन जेवायला लागली. ती एवढंच म्हणाली की वन्सं गेल्या की हे टेबल घासायला तुम्हीच बसायचं.

वेग ठरवणारा स्क्रू सगळ्यात शेवटी हाती आला. त्याच्यावर लाखेचा एक लालभडक गोळा थापलेला होता. कुणा अडाण्याने कधीतरी सांडलेली घाण म्हणून त्यांनी तो पटाशीने खरवडून टाकला. मग जाड कागदाच्या चकतीवर काटेकोर अंतरावर सत्त्याहत्तर रेघा काढल्या, ती तबकडीवर ठेवली आणि ट्यूबलाइटखाली यंत्र सुरू केलं. ट्यूब डोळ्याला दिसत नाही अशी सेकंदाला शंभरदा लुकलुकत असते. वेग मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर आला की फिरणाऱ्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. तासाभराने रेघा थांबल्या. दशांशरावांना कितीतरी दिवसांनी जरा बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी ते यंत्र रिक्षात मांडीवर घेऊन ताईकडे गेले. बायको आधीच तिथे खोकी बांधत होती. ताईचे पडदे काढून झाले होते, भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन उरले होते. ती उरलेल्या एकमेव खुर्चीत बसली. ते जमिनीवर बसले, नवी सुई लावली, चावी भरली.

खरखर झाली, मग बँड उठला आणि शेवटी बाकी सगळं थांबून एकटी क्लॅरिनेट उरली. ताईचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. सूर तुटला तेव्हा तो चौदावर होता.

"हे बाबा नाहीत," ताई म्हणाली.

दशांशरावांनी समजावलं की तबकडी तीच आहे, वेग अगदी बरोबर आहे, आपण रेघा लावून तपासलाय. ताईने ऐकून घेतलं. तिला भांडायचं नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं. बारीक आवाजात ती एवढंच म्हणाली, की तू म्हणतोस तर असेल, पण एवढ्याशा दमाचा माणूस नव्हता तो.

त्यांनी सुई उचलली आणि उगाच स्क्रूकडे पाहत बसले. स्क्रूला जोडलेल्या छोट्या दांड्याखालच्या पट्टीवर वेगाचे आकडे होते. लाख खरवडली तरी तिचा लालसर डाग पट्टीवर राहिला होता, आणि त्या डागाच्या मधोमध दांड्याच्या जागेची कोरी रेघ स्पष्ट दिसत होती. ती अठ्ठ्याहत्तरवर नव्हती. चौसष्टवर होती.

काय झालं होतं ते त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. ती लाख सांडलेली नव्हती. वडिलांनी दांडा मागे ओढून यंत्र हळू केलं होतं आणि पुन्हा कुणी हलवू नये म्हणून वर लाख लावली होती. तबकडी हळू फिरली की सूर लांबतो. समोर बोटं मोजत बसलेल्या पोरीसाठी केलं की स्वतःच्या मोठेपणासाठी, हे आता कोण सांगणार. एकतीस वर्षं हळू केलेली मीटरं पकडणाऱ्या माणसाने घरातलंच सील आपल्या हाताने फोडलं होतं, तेही घाण समजून. नोकरीत असताना पंचनामा केल्याशिवाय त्यांनी साधी सीलची तार कधी कापली नव्हती.

त्यांनी दांडा चौसष्टवर नेला. ताईला एवढंच सांगितलं की ग्रीस नवं आहे, अजून बसायचंय, पुन्हा लावतो.

या वेळी बँड जरा जडावल्यासारखा वाजला. क्लॅरिनेट लागली आणि ताईचा चेहरा बदलला. ओळख पटली होती. अंगठा पेरांवरून निघाला, दहा, बारा, पंधरा. सूर संपला. अंगठा सतरावर थांबला.

ती बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिली. दशांशरावांच्या मात्र आधीच लक्षात आलं होतं. वेग बाबांच्या वेळचाच होता, सूर तेवढाच होता, ताईचं मोजणं सावकाश झालं होतं. आता ती जिनाही असाच चढायची, दर पायरीला दोन्ही पाय ठेवत. दांडा अजून मागे ओढला असता तर एकोणीस भरले असते, पण क्लॅरिनेट रेड्यासारखी हंबरली असती, आणि ते तिला कळलं असतं.

"तू मोज," ताई म्हणाली. "तुझा आकडा कधी चुकत नाही. मोठ्याने मोज."

त्यांनी चावी भरली. हात भरून आले होते, अंगठ्याची चीर ठणकत होती. सूर लागला तशी त्यांनी सुरुवात केली. पहिले पाच आकडे नीट, सेकंदाबरोबर मोजले. सहाव्यापासून ते एकेक आकडा किंचित अलीकडे ओढायला लागले. आवाज सरळ ठेवला, घाई कुठे ऐकू येऊ दिली नाही. अठरा म्हणताना सूर कापरा झाला, आणि तो तुटता तुटता त्यांनी एकोणीस म्हटलं.

खोलीत फक्त सुईची खरखर राहिली. ताईने डोळे मिटले होते.

"बघ," ती म्हणाली, "माझंच मोजणं ढिलं पडलंय रे. बाबा होते तेवढेच आहेत."

दशांशरावांनी यंत्र थांबवलं, स्प्रिंगला ताण राहू नये म्हणून उरलेली चावी उतरू दिली. ताईने हात पुढे केला, त्यांना वाटलं उठायला आधार हवाय. पण तिने त्यांचा चिरलेला अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "टिटॅनसचं इंजेक्शन घेतलंस का?"

नव्हतं घेतलं. घेतलं, म्हणाले. आजचं हे तिसरं खोटं.

आतून बायकोने हाक मारली, की चिकटपट्टी संपली, आणि अजून स्वयंपाकघराची तीन खोकी उघडीच आहेत. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि चपला शोधायला लागले.